आवाजही संपावर

“बाई संपावर, आणि आवाज कामावर! वा रे वा!”

डेपोच्या फाटकासमोर सतरंज्या टाकून बसलेल्या दीड-दोनशे माणसांत हशा पिकला. चार नंबरची बस नुकतीच फाटकातून बाहेर पडली होती. तिच्या उघड्या खिडक्यांमधून स्वच्छ, ठाम, जरा लाडिक म्हणावा असा बायकी आवाज सगळ्यांच्या कानांवर पडला होता : “पुढचा थांबा, पोस्ट ऑफिस.” आणि त्या आवाजाची मालकीण समोरच सतरंजीवर, दंडाला लाल फीत बांधून, मांडी घालून बसली होती.

थांबाबाई हसल्या नाहीत. हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट होती, पण संपाचा आज चौथा दिवस होता आणि चार दिवस तोच विनोद वेगवेगळ्या तोंडून ऐकून त्यांचे कान किटले होते.

“हसा, हसा,” त्या म्हणाल्या. “तुमचं काम दुसरं कुणी करतंय म्हणून तुम्ही रडताय. माझं काम तर मीच करतेय. मी कुणाच्या नावानं ओरडू?”

यावर आणखी हशा झाला. बाईंना उत्तर देता येत असे. वीस वर्षं हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला ते यावंच लागतं. छत्री हरवलेला माणूस खिडकीशी येतो तो छत्री तुम्हीच चोरल्यासारखा येतो, आणि त्याला हसतहसत परत पाठवणं हे काही येरागबाळ्याचं काम नाही.

आवाजाची भानगड त्याहून जुनी. बाई तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या आणि चौकशीच्या फोनवर बसत. त्यांचं बोलणं इतकं स्पष्ट की, लोक एकदा विचारून पुन्हा विचारत नसत. त्या वेळच्या साहेबांनी बसमध्ये थांब्यांची नावं सांगणारी पेटी बसवायचं ठरवलं आणि बाईंना बोलावून घेतलं. दप्तराच्या खोलीत खिडक्यांना घोंगड्या टांगून दोन दिवसांत एकशे अठरा थांबे बोलून घेतले. दुसऱ्या दिवशी बाईंना सर्दी झाली होती, त्यामुळे भाजी मंडईच्या पुढचे सगळे थांबे आजतागायत चोंदलेल्या नाकानं बोलले जात. एका कागदावर सही घेतली. बाईंना वाटलं हजेरीचा कागद असेल.

तेव्हापासून त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. ड्रायव्हर, मेकॅनिक, झाडूवाल्या, सगळ्यांच्या त्या थांबाबाई झाल्या. बाईंना मनातून ते आवडत असे. बसमध्ये बसलं की आपलाच तरुण आवाज ऐकू यायचा. शेजारचा माणूस त्याच्या भरवशावर डोळे मिटून डुलकी काढायचा, आणि बरोबर आपल्या थांब्यावर जागा व्हायचा. एवढं समाधान फार थोड्या कारकुनांच्या वाट्याला येतं.

संपाचं कारण साधं होतं. दोन ड्युट्यांमध्ये नऊ तासांची विश्रांती. प्रशासनानं ती कमी करत करत साडेपाच तासांवर आणली होती. साडेपाच तासांत माणसानं घरी जायचं, जेवायचं, झोपायचं आणि परत यायचं. दोन महिन्यांत दोन ड्रायव्हर चाकावर पेंगले. एक बस दुभाजकावर चढली, दुसरी कुणाच्या तरी कुंपणात शिरली. माणसं वाचली ती नशिबानं. युनियनचे सेक्रेटरी मामा म्हणाले, तिसऱ्या वेळी नशीब रजेवर असलं तर? आणि चाकं थांबली.

प्रशासनानंही हार मानली नाही. परगावच्या एका कंत्राटदाराकडून साठ ड्रायव्हर आणले. युनियनची माणसं त्यांना ‘पाहुणे’ म्हणत. पाहुण्यांना शहर माहीत नव्हतं. ते फोनवरचा नकाशा बघत गाडी हाकत आणि प्रत्येक थांबा सोडला की पेटीचं बटण इमानेइतबारे दाबत. आणि इथेच सगळी गंमत झाली.

चार नंबरच्या मार्गावर पाण्याची टाकी, मग जुना कारखाना, मग रुग्णालय, मग न्यायालय, मग मुलींची शाळा असे थांबे पेटीत भरलेले होते. त्यातला जुना कारखाना आठ वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना पाडला गेला, थांबाही गेला. पेटीतून मात्र त्याचं नाव काढायचं राहिलं. आज काढू, उद्या काढू. मग ड्रायव्हरांनीच उपाय शोधला. टाकी सोडली की बटण दोनदा दाबायचं. पहिल्या दाबाला बाई “पुढचा थांबा, जु...” एवढं म्हणायच्या आणि दुसऱ्या दाबाला “पुढचा थांबा, रुग्णालय” म्हणून मोकळ्या व्हायच्या. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. जुना ड्रायव्हर नव्याला पहिल्या दिवशी शेजारी बसवून सांगायचा, एवढंच.

पाहुण्यांना कोण सांगणार? ते एकदाच दाबत. त्यामुळे टाकीच्या पुढे बाई एक थांबा मागे राहू लागल्या. रुग्णालय आलं की म्हणायच्या जुना कारखाना. न्यायालय आलं की म्हणायच्या रुग्णालय. रोजची माणसं खिडकीतून बघून उतरत. पण रुग्णालयात येतात ती बरीचशी बाहेरगावची माणसं. ती बाईंचं ऐकायची.

“आजारी माणसं कोर्टात, आणि कोर्टातली माणसं मुलींच्या शाळेत!” ही बातमी फाटकावर आणली ती भोंग्यानं. भोंगा म्हणजे बत्तीस वर्षांची एक ड्रायव्हर. घोषणा द्यायला तिला माइक लागत नसे, म्हणून हे नाव. “एक वकील म्हणे काळा कोट घालून शाळेच्या फाटकात उभा. मुली विचारतायत, सर, आज कुठला तास?”

फाटकावर माणसं हसून हसून लोळली. मामांनीही मिशीतल्या मिशीत हसून घेतलं आणि मग हात वर केला.

“ऐका. दोन दाबांची गोष्ट या फाटकाबाहेर जायची नाही. आपण काही बिघडवलेलं नाही, फक्त गप्प बसलोय. आणखी चार दिवस असेच गेले ना, तर लोक या गाड्यांत पाय ठेवणार नाहीत. मग साहेब आपल्या पायांनी चालत येतील.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनीही डोलावली. खोटं कशाला सांगा, त्यांना त्या दिवशी आपल्या आवाजाचा थोडा अभिमानच वाटला. चार दिवस जो आवाज शत्रूची चाकरी करत होता, तो अखेर आपल्या बाजूला आला होता.

सहाव्या दिवशी दुपारी फाटकाशी एक माणूस आला. डोळ्यांवर काळा चष्मा, डाव्या हातात पांढरी काठी, आणि उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. बाईच फाटकाजवळ होत्या. त्या उठून पुढे गेल्या.

“काय झालं हो? कुणाला शोधताय?”

तो माणूस जागच्या जागी थबकला. त्यानं मान कलती केली.

“हाच,” तो म्हणाला. “जाडा झालाय, पण हाच. तुम्ही बसमधल्या बाई ना?”

पंचवीस वर्षांत बाईंना कुणी असं ओळखलं नव्हतं. आवाज पेटीत तरुण राहिला होता आणि घशात पन्नाशी उलटून गेली होती. पोटच्या लेकीलासुद्धा बसमध्ये ऐकून खरं वाटत नसे.

“तुम्ही कसं ओळखलंत?”

“माझं कामच आहे ते. तुम्ही तोंडं बघून विश्वास ठेवता, मी आवाजावर ठेवतो.” तो वेताच्या खुर्च्या विणायचा. त्याचं दुकान रुग्णालयामागच्या गल्लीत होतं. “बावीस वर्षं तुम्ही ‘रुग्णालय’ म्हटलंत की मी उतरतो. उतरलं की बारा पावलं सरळ, मग डावीकडे. परवा तुम्ही म्हणालात, मी उतरलो. बारा पावलं सरळ, डावीकडे. आणि डावीकडे खड्डा. कोर्टापुढे पाइप टाकायला खणलाय म्हणे. मला कुठे माहीत मी कोर्टात आलोय ते?”

“अहो, पण ते आम्ही... संप चालू आहे ना...”

“संपाला माझी ना नाही. खुशाल करा. मीसुद्धा एकदा गिऱ्हाइकाशी संप केला होता, त्याच्या बायकोनंच येऊन मिटवला.” तो हसला नाही. “पण बाई, संप करणारा माणूस काम करत नाही. तुम्ही तर चुकीचं काम करताय. आता सहा आठवडे मी विणायचं कशानं?”

 बाईंनी त्याला पाणी दिलं आणि रिक्षात बसवून दिलं. तो गेल्यावर त्या सतरंजीवर येऊन बसल्या तेव्हा चार नंबर पुन्हा फाटकातून निघाली. “पुढचा थांबा, पोस्ट ऑफिस.” बाईंनी कानांवर हात ठेवले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या आवाजाची लाज वाटली.

संध्याकाळी घरी नवरा शिलाई मशीनवर बसला होता. त्याचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तो पुरुषांचे कोट शिवायचा आणि शिवताना अखंड बोलायचा. बराच वेळ पलीकडून हूं की चूं नाही म्हटल्यावर त्यानं पायडल थांबवलं.

“काय गं, साहेबांनी घरातला आवाजही जप्त केला की काय?”

बाईंनी सगळं सांगितलं. नवरा ऐकत ऐकत टाचण्या उशीत खोचत राहिला.

“मामांचं चुकतंय असं नाही हो,” बाई म्हणाल्या. “गाड्या रिकाम्या राहिल्या तरच संप टिकेल. आणि मी पाहुण्यांना दोन दाब शिकवले तर माझ्या माणसांचा गळा मीच कापला. पण त्या माणसाचा हात...”

“मला युनियनमधलं काही कळत नाही,” नवरा म्हणाला. “मला कोट कळतो. मी कापलेला कोट गिऱ्हाइकाला काखेत काचतोय, आणि मी म्हणालो, आज दुकान बंद आहे, काचू दे, तर मी कसला शिंपी?”

“म्हणजे मी काय करू?”

“ते मला कुठे माहीत? मी कोट शिवतो.” आणि त्यानं पायडल मारायला घेतलं.

सकाळी बाई आधी मामांकडे गेल्या. मामा फाटकाजवळच्या टपरीवर चहा घेत होते.

“मामा, पेटीच बंद करायला लावू या. माझा आवाज मीच काढून घेते. गप्प राहिली पेटी तर कुणी फसणार नाही.”

“आणि लोक खिडकीतून बघून सुखानं प्रवास करतील! बाई, अहो, सहा दिवसांत पहिल्यांदा गाड्या निम्म्या रिकाम्या धावतायत. त्या तुमच्या पेटीमुळे.”

“माझ्या पेटीमुळे एका आंधळ्या माणसाचा हात मोडलाय.”

“वाईट झालं. पण आमचा माणूस पेंगला तर पन्नास माणसांचे हात मोडतील, त्याचं काय?” मामांनी कप आपटला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, “बाई, हे मी कधी बोललो नाही. मी कंडक्टर होतो. बारा वर्षं थांबे ओरडलो. तुमची पेटी आली, तिकिटं ड्रायव्हरच्या हाती गेली आणि दोन वर्षांत एकेक करून आम्ही सगळे कंडक्टर गेलो. मी गाडी चालवायला शिकलो म्हणून टिकलो. तेव्हा तुम्हाला नाही वाटलं आवाज काढून घ्यावासा?”

हे बाईंच्या वर्मी लागलं. तेव्हा त्यांना खरोखरच काही वाटलं नव्हतं. कुणी तसं जोडून दाखवलंच नव्हतं, आणि त्यांनीही विचार केला नव्हता.

“तेव्हा नाही कळलं, मामा,” त्या म्हणाल्या. “आता कळलंय. तेव्हा नाही कळलं म्हणून आताही कळू द्यायचं नाही का?”

 बाई तिथून उठल्या आणि तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

साहेबांना आनंदच झाला. थांबे चुकतात अशा तक्रारींनी त्यांचं टेबल भरलं होतं, वर्कशॉप संपावर होतं, आणि साहेब स्वतः नोकरीत लागल्यापासून एकदाही बसनं आले नव्हते, त्यामुळे दोन दाबांची गोष्ट त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

“या, या बाई. तुमचं रेकॉर्डिंग खराब झालंय बहुतेक. पुन्हा करून टाकू. तुमची सहा दिवसांची गैरहजेरी रजेत बसवतो. आणि मुख्य कारकुनाची जागाही रिकामी आहे.”

“रेकॉर्डिंगला काही झालेलं नाही, साहेब. मी संपावर आहे. माझा आवाजही संपावर आहे असं सांगायला आलेय. पेटी बंद करा.”

साहेबांनी कपाटातून एक फाइल काढली. त्यांना कागद सापडायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वीची सही होती. सदर ध्वनी प्रशासनाच्या मालकीचा राहील.

“सही तुमचीच ना?”

“माझीच.”

“मग आवाज आमचा. तुम्ही बसा संपावर. तो येईल कामावर.”

बाईंनी तो कागद दोनदा वाचला, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “ठीक आहे. जो पेटीत आहे तो तुमचा. बाकीचा माझ्याकडे आहे.”

साहेबांना याचा अर्थ कळला नाही. तो दुपारपर्यंत साऱ्या शहराला कळला.

बाई डेपोतून निघाल्या त्या पायी चालत रुग्णालयाच्या थांब्यावर गेल्या. पहिली बस आली. दार उघडलं. आतून पेटी बाईंच्याच आवाजात, चोंदल्या नाकानं सांगून चुकली होती : जुना कारखाना. बाई दाराशी गेल्या.  चारचौघांत ओरडायची सवय नव्हती. मग त्यांनी डोळे मिटले, घोंगड्या टांगलेली ती खोली आठवली, आणि आवाज आपोआप आपल्या जागी जाऊन बसला.

“हा थांबा, रुग्णालय! रुग्णालयाला जाणाऱ्यांनी इथे उतरायचं. पेटी चुकीचं सांगतेय, तिचं ऐकू नका.”

गाडीतली माणसं चमकली. पेटीतला आवाज बाहेर येऊन पेटीलाच खोटं पाडत होता. एक म्हातारी उतरता उतरता म्हणाली, “अगं बाई, तू आत होतीस ना?”

“आत माझा आवाज आहे. मी इथे आहे. मी संपावर आहे, आजी.”

“कशाला गं संप?”

“ड्रायव्हरला नऊ तास विश्रांती मिळावी म्हणून.”

“आता किती मिळते?”

“साडेपाच तासांची सुट्टी. त्यात जाणंयेणं, जेवण. झोप तीन तास, मिळाली तर.”

म्हातारीनं ड्रायव्हरकडे वळून पाहिलं. तिची नजर पाहून पाहुणाही सीटवर जरा सरळ बसला.

बारा वाजेपर्यंत वीस गाड्या झाल्या आणि भोंगा येऊन थडकली.

“बाई! तुम्ही कुणाच्या बाजूच्या? आम्ही गाड्या रिकाम्या करतोय, तुम्ही भरताय!”

“मी पाहुण्यांना काही शिकवलेलं नाही. बटणाबद्दल एक शब्द बोललेले नाही.”

“मग हे काय चाललंय?”

“माझी चूक निस्तरतेय. यांना फसवून जिंकायचं असेल तर नऊ तास झोप तरी लागेल का मला?”

भोंग्याचा आवाज चढला तसे मामाही सायकलवरून आले. ते थांब्यापासून दहा पावलांवर सायकल धरून उभे राहिले. एक गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. बाई थांबा सांगत होत्या, लोक उतरत होते, आणि उतरलेले लोक निघून न जाता विचारत होते : साडेपाच तास खरंच? गेल्या महिन्यात कुंपणात शिरली ती हीच का? एका गृहस्थानं तर हिशेबच मांडला की, आपल्या घरचा कुत्रासुद्धा याहून जास्त झोपतो. फाटकावर सात दिवस घोषणा देऊन जे कुणी विचारलं नव्हतं ते इथे विचारत होते. फाटकावर ऐकायला होतं कोण? चौकीदार आणि आपणच.

मामांनी सायकल खांबाला टेकवली. “चल,” ते भोंग्याला म्हणाले.

“कुठे?”

“कोर्टापुढे तो खड्डा आहे ना, तिथे माणूस हवा.”

आणि थोड्याच वेळात वाऱ्यावरून एक आवाज रुग्णालयाच्या थांब्यापर्यंत आला. तेवीस वर्षं बंद पडलेला, पण बारा वर्षं तासलेला, कंडक्टरचा पल्लेदार आवाज : “चलाऽ कोर्ट, कोर्ट, कोर्ट! कोर्टवाले उतराऽ! डावीकडे खड्डा आहे, बघून!” बाईंना हसूही आलं आणि रडूही. दोन्ही आवरायला वेळ नव्हता, पुढची गाडी आली होती.

दुसऱ्या दिवसापासून फाटकावर सतरंज्या राहिल्या आणि माणसं शहरभर पसरली. एकशे सतरा थांब्यांवर संपावरची माणसं उभी राहून थांब्याचं नाव आणि संपाचं कारण सांगू लागली. पोलीस आले. त्यांनाही कळेना की, शाळेला शाळा म्हणणाऱ्या माणसाला कुठल्या कलमाखाली धरायचं.

नवव्या दिवशी जे झालं ते मात्र कुणाच्याच डोक्यात नव्हतं. चार नंबरचा पाहुणा रुग्णालयाच्या थांब्यावर गाडी लावून खाली उतरला. तांबारलेले डोळे, दाढी वाढलेली.

“ताई,” तो बाईंना म्हणाला, “रोज ऐकतोय, नऊ तास, नऊ तास. आम्ही डेपोत गाडीतच झोपतो. चार तास. आम्हाला मिळतील का नऊ?”

“मागितले तर मिळतील.”

त्यानं किल्ली काढून खिशात घातली आणि थांब्याच्या बाकावर जाऊन बसला. पाच मिनिटांत तो बसल्याबसल्या घोरायला लागला. गाडीतल्या प्रवाशांनी त्याला उठवलं नाही. ते मुकाट्यानं उतरले आणि पायी गेले. संध्याकाळपर्यंत पाहुण्यांच्या तेवीस गाड्या जागोजागी उभ्या होत्या.

अकराव्या दिवशी साहेबांनी चर्चेला बोलावलं. नऊ मागितले होते, साडेआठ मिळाले, कागदावर, सहीशिक्क्यानं. पाहुण्यांनाही तेच लागू. मामांनी मसुदा वाचून पेन उघडलं, आणि पुन्हा बंद केलं.

“बाई, तुमचं काही?”

“आहे,” बाई म्हणाल्या. “पेटीतून माझा आवाज काढायचा. सगळ्या गाड्यांमधून.”

साहेब वैतागले. “आता कशाला? फक्त तो जुना कारखाना काढू. आता समजलंय आम्हाला सगळं. एवढा चांगला आवाज आहे.”

“चांगला आहे म्हणूनच. उद्या पुन्हा संप झाला तर तो तुमच्या बाजूनं बोलेल.”

“बाई,” मामा त्यांच्याकडे झुकून हळूच म्हणाले, “पुन्हा एकदा विचार करा. पंचवीस वर्षं आहेत ती. मी रागात काहीबाही बोललो असेन.”

“तुमच्यासाठी नाही, मामा. मला तो परत हवाय.”

मामांनी साहेबांकडे पाहिलं. “लिहा,” ते म्हणाले.

पेट्या पुसायला फिटरला दोन दिवस लागले. शेवटच्या गाडीशी त्यानं बाईंना हाक मारली. “एकदा ऐकायचं का, बाई? मग गेलं ते गेलं.”

“नको,” बाई म्हणाल्या. “पूस.” आणि खिडकीवर जाऊन बसल्या. अकरा दिवसांच्या हरवलेल्या वस्तू साठल्या होत्या. सगळ्यांत जास्त चष्मे.

नवी व्यवस्था होईपर्यंत ड्रायव्हरनीच थांबे सांगायचे असं ठरलं होतं. पण त्या सोमवारी सकाळी चार नंबरवर भोंगा होती आणि अकरा दिवसांच्या घोषणांनी तिचा घसा पार बसला होता. बाई पुढून तिसऱ्या सीटवर बसल्या. गाडीत इंजिनाची घरघर सोडली तर काही ऐकू येत नव्हतं. पाण्याची टाकी गेली. बाईंच्या शेजारी एक बाहेरगावची तरुण बाई बसली होती, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट. ती सारखी उठून बाहेर बघत होती, पुन्हा बसत होती.

“मावशी, रुग्णालय अजून लांब आहे का?”

“नाही, आता येईल.”

“मागच्या खेपेला आले होते तेव्हा एक बाई सांगायची आतून. छान सांगायची. बंद पडली वाटतं.”

“हो,” थांबाबाई म्हणाल्या. “बंद पडली.”

“आता नवीन माणसानं कसं उतरायचं?”

“विचारायचं. कुणीतरी सांगतं.”

गाडीचा वेग कमी झाला. बाई उठल्या, तिचं पाकीट हातात घेतलं आणि दारापर्यंत तिच्याबरोबर गेल्या.

“हे रुग्णालय. पायरी उंच आहे हं, उजवा पाय आधी टाका. जपून.”

ती खाली उतरली. बाईंनी पाकीट तिच्या हातात दिलं. ती “येते हं” म्हणाली आणि गर्दीत चालू लागली. दार मिटलं. बाई आपल्या जागेवर येऊन बसल्या. न्यायालय आलं ते कुणी न सांगताच.